विशीतले दात

मराठी भाषेने दातांना कामाला लावण्यात कसूर केलेली नाही. रागावलेला माणूस दातओठ खातो, शरण आलेला दाती तृण धरतो, चिक्कू माणूस दात कोरून पोट भरतो, आणि समजावून सांगणाऱ्याच्या दातांच्या कण्या होतात. खरोखरीच्या दातांविषयी मात्र आपण सहसा बोलत नाही, आणि बोलतो तेव्हा ते दुखत असतात. तरुण वाचकांची अडचण नेमकी येथेच आहे. अठरा ते पंचवीस या वयात दात फारसे दुखत नाहीत. चाळिशीत ज्या तक्रारी घेऊन माणूस दंतवैद्याच्या खुर्चीत बसतो, त्यांतील पुष्कळांची सुरुवात या न दुखणाऱ्या वर्षांत झालेली असते. ती थोपवता येते तीही याच वर्षांत.

मी दंतवैद्य नव्हे, प्राणिशास्त्र शिकवतो. पण बी.एस्सी.च्या पहिल्या वर्गाला एक प्रात्यक्षिक मी आवर्जून देतो. प्रत्येकाने दातकोरणीने आपल्याच दाढेच्या मुळाशी हलकेच खरवडायचे, निघेल ते काचपट्टीवर थेंबभर पाण्यात पसरायचे, वाळवून मेथिलीन ब्लूने रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाच्या सर्वांत मोठ्या भिंगाखाली पाहायचे. स्वतःच्या तोंडातला ऐवज पाहायचा म्हटल्यावर वर्गात प्रथम हशा पिकतो. पहिल्या विद्यार्थ्याने भिंगाला डोळा लावला की तो थांबतो. मण्यांच्या माळांसारखे गोल जीवाणू, काड्यांसारखे, लांब दोऱ्यांसारखे, एकमेकांत गुंतलेले असंख्य जीव तिथे दिसतात. सकाळी दात घासून आलेल्यांच्या पट्टीवरही दिसतात.

हे दृश्य प्रथम पाहिले ते डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक या कापडव्यापाऱ्याने. १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात त्याने त्याचे वर्णन केले. हा गृहस्थ रोज मिठाने दात घासणारा होता. तरीही आपल्या तोंडात जितके जीव आहेत तितकी माणसे साऱ्या नेदरलँड्समध्ये नसतील, असे त्याला लिहावे लागले. या जीवांचा आणि दात किडण्याचा संबंध लक्षात यायला मात्र आणखी दोनशे वर्षे जावी लागली. तोवर जगभर लोकांची समजूत अशी, की दातात खरोखरीची अळी शिरते आणि पोखरते. आपल्याकडे आठवड्याच्या बाजारात रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतले ‘किडे’ काढून दाखवणारे बसत. पाण्यात तरंगणारे ते किडे पाहून दुखणाऱ्याचे समाधान होई. दाढ तशीच राही. बर्लिनमध्ये संशोधन करणाऱ्या मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० मध्ये पुस्तक लिहून या प्रकरणाची रीतसर मांडणी केली. तोंडातले जीवाणू साखर व पिष्ट पदार्थ आंबवतात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल दातावरचे कठीण दंतवल्क विरघळवते. पुढे १९२४ मध्ये क्लार्क याने लंडनमध्ये किडलेल्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जीवाणू वेगळा काढला. तेव्हा ‘दात किडला’ हे आपले म्हणणे निम्मे खरे आहे. जीव असतात, पण ते दात खात नाहीत; आपण खातो तेच खातात.

आता प्रश्न येतो तो साखरेचा. ‘सर, गोड कमी खातो’ असे प्रत्येक जण सांगतो, आणि ते खोटे नसते. पण किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले याला महत्त्व अधिक आहे. स्टेफन या अमेरिकन संशोधकाने १९४० च्या दशकात दातावरच्या थराची आम्लता प्रत्यक्ष मोजली. साखरेच्या पाण्याने चूळ भरताच काही मिनिटांत पीएच खाली घसरतो. साधारण ५.५ च्या खाली तो गेला की दंतवल्कातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतात. त्यानंतर लाळ हळूहळू आम्ल निष्प्रभ करते आणि गेलेली खनिजे थोडीफार परत बसवते. या दुरुस्तीला अर्धा तास ते तासभर लागतो. साखरेचा चहा एकदाच प्यालात, तर तोट्याचा हिशेब लाळ भरून काढते. आता आमच्या उपाहारगृहातला हिशेब पाहा. पहिल्या तासापूर्वी अर्धा कप, मधल्या सुट्टीत अर्धा कप आणि बिस्किटे, मित्र आला म्हणून अर्धा कप, प्रात्यक्षिक संपले म्हणून अर्धा कप, वसतिगृहात रात्री अभ्यासाला बसताना आणखी एक. साखर एकूण चार-पाच चमचे असेल; पण दिवसातले अडीच-तीन तास दात आम्लात बुडालेले, आणि लाळेला दम घ्यायला उसंत नाही. त्यातही रात्रीचे खाणे सर्वांत वाईट. झोपेत लाळ जवळजवळ आटते. एक वाजता वेफर्स किंवा क्रीमची बिस्किटे खाऊन, पुस्तक छातीवर ठेवून जो झोपी जातो, त्याचे दात सकाळपर्यंत बिनपहाऱ्याचे असतात.

खाण्याची वेळ आणि चिकटपणा यांचा पुरावा ज्या प्रयोगातून मिळाला, त्याचा उल्लेख करताना संकोच वाटतो. स्वीडनमधील लुंड येथे व्हिपेहोल्म नावाचे बौद्धिक अपंगांचे रुग्णालय होते. तेथील रुग्णांवर १९४५ नंतरच्या वर्षांत सरकारी अनुमतीने आहाराचे प्रयोग झाले. काहींना साखर जेवणाबरोबर दिली, काहींना दोन जेवणांच्या मधे चिकट टॉफी दिल्या. रुग्णांची संमती घेण्याचा प्रश्नच कुणाला पडला नाही. १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबरच्या साखरेने किडीत थोडीच वाढ झाली होती. मधल्या वेळच्या टॉफीने दातांची चाळण झाली होती. त्यानंतर स्वीडनमध्ये मुलांना आठवड्याची मिठाई शनिवारी एकदाच द्यावी असा प्रघात पडला. ज्यांनी किंमत मोजली त्यांना त्याचा उपयोग झाला नाही, हे मात्र विसरू नये.

आपल्या जिल्ह्याला हा निष्कर्ष चांगलाच लागू पडतो. कन्नडमध्ये ‘अंटु’ म्हणजे डिंक. गोकाकच्या करदंटाच्या नावातच चिकटपणा आहे. करदंट खाऊ नये असे सांगणारा मी कोण? बेळगावचा कुंदा तर मी स्वतः सोडणार नाही. जेवणात खावा, पोटभर खावा, आणि खिशात पुडी ठेवून दिवसभर चघळू नये, एवढेच. बाटलीतल्या थंड पेयांची गोष्ट वेगळी आहे. त्यांत साखर असतेच, शिवाय पेय स्वतःच आम्ल असते. कोलाचा पीएच अडीचच्या आसपास, म्हणजे लिंबाच्या रसाच्या पंक्तीला बसणारा. इथे जीवाणूंच्या मध्यस्थीचीही गरज नाही. बाटली तासभर घोट घोट पीत राहणे हा तिचा सर्वांत घातक उपयोग. पिऊन झाल्यावर लगेच दात घासू नयेत. मऊ पडलेला थर ब्रशने निघून जातो. साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास थांबावे.

किडीची निदान भोके तरी दिसतात. हिरड्यांचे दुखणे त्याहून गुपचूप चालते. डेन्मार्कमध्ये ऑरहूस येथील दंतमहाविद्यालयात हॅराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग तुमच्याच वयाच्या मुलांवर झाला आहे. निरोगी हिरड्यांची बारा माणसे निवडली. त्यांत नऊ पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते. त्यांना दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या लाल झाल्या, सुजल्या, स्पर्श करताच रक्त येऊ लागले. अपवाद एकही नाही. मग पुन्हा घासणे सुरू केले आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. औषध नाही, इंजेक्शन नाही. आरोग्यशास्त्रात इतके स्वच्छ उत्तर देणारे प्रयोग मी फार थोडे वाचले आहेत.

आता आपल्याकडे काय होते? ब्रशवर रक्त दिसले की मुलगा घाबरतो आणि त्या जागी ब्रश लावणेच सोडतो. ‘हिरड्या नाजूक आहेत’ अशी घरची समजूतही असते. त्यामुळे जिथे सफाई हवी तिथेच थर साठतो, लाळेतल्या क्षारांनी तो दगडासारखा घट्ट होतो, आणि ज्याला आपण कीटण म्हणतो ते तयार होते. कीटण ब्रशने निघत नाही. दंतवैद्याकडून खरवडून घ्यावे लागते. त्याने दात हलू लागतात हा गैरसमज आहे. दात आधीच सैल झालेले असतात, कीटणाने त्यांना नुसते टेकू दिलेले असतात. सूज हिरडीपुरती असेल तोवर सारे परतवता येते. ती खाली उतरून जबड्याचे हाड झिजवू लागली की गेलेले हाड सहसा परत येत नाही. धूम्रपान करणाऱ्याची फसवणूक तर दुहेरी असते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून त्याच्या हिरड्यांतून रक्तही फारसे येत नाही, आणि आतून हाड मात्र अधिक वेगाने जाते.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो. ‘आमच्या आजोबांनी जन्मात ब्रश पाहिला नाही, नव्वदीत ऊस सोलून खात होते.’ आजोबा खरे आहेत, पण ते सगळ्यांचे आजोबा नव्हेत. याच लो यांनी १९७० पासून श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांवरील ४८० तमिळ कामगारांची तपासणी पंधरा वर्षे पुन्हा पुन्हा केली. या कामगारांना दात घासण्याची सवय नव्हती आणि दंतवैद्यही उपलब्ध नव्हता. १९८६ मध्ये त्यांनी लिहिले, की यांतील सुमारे ११ टक्के लोकांचा रोग हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. ८१ टक्के लोकांत तो मध्यम गतीने वाढत गेला. आणि ८ टक्के लोकांत इतक्या झपाट्याने, की पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे सारे दात गेले. आजोबा त्या अकरांपैकी असावेत. आपण अकरांत आहोत की आठांत हे विसाव्या वर्षी आरशात पाहून कळत नाही.

येथवरचे सारे ऐकताना विद्यार्थी माना डोलावतात. तंबाखू आणि सुपारीचा विषय निघाला की वर्गाच्या मागच्या बाकांवर शांतता पसरते. विषय आपल्या भागात नाजूक आहे, हे मी जाणतो. निपाणी-चिकोडीकडच्या कितीतरी घरांची चूल तंबाखूवर पेटते. आईने विड्या वळून भरलेल्या फीवर शिकलेली मुले माझ्या वर्गात बसून गेली आहेत, आणि त्या माउलीच्या कष्टांविषयी मला आदरच आहे. पण शेतात पिकवणे वेगळे आणि गालात धरणे वेगळे. उलट ज्या घरात तंबाखू हाताळली जाते, त्या घराला तिची झळ अधिक ठाऊक असते.

मला अधिक काळजी वाटते ती सुपारीची, कारण तिला कुणी व्यसन मानत नाही. पूजेत सुपारी, लग्नात सुपारी, जेवणानंतर सुपारी. तिच्यातील अल्कलॉइडांमुळे गालाच्या आतल्या मऊ अस्तराखाली तंतूंचे जाळे वाढत जाते आणि गाल पट्ट्यासारखा ताठ होतो. या रोगाचे वर्णन १९५२ मध्ये श्वार्ट्झ याने पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांवरून केले. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिले. तेव्हा तो दुर्मीळ वाटला होता. पुढे गुटख्याच्या पुड्या गावोगाव लटकू लागल्या आणि तो विशीतल्या मुलांचा रोग झाला. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगजनक ठरवली. गोड, सुगंधी, रंगीत पुडीतली सुपारी याला अपवाद नाही.

माझा एक विद्यार्थी तिसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत शब्द अर्धवट उच्चारीत होता. घाबरला असेल असे बाहेरच्या परीक्षकांना वाटले. नंतर कळले, की त्याचे तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हते. तंबाखू त्याने कधी खाल्ली नव्हती. अकरावीपासून मीठी सुपारी मात्र दिवसाला आठ-दहा पुड्या. प्रथम तिखट झोंबू लागले, तेव्हा त्याने मेसच्या आचाऱ्याला दोष दिला. मग शीळ वाजेना. मग पाणीपुरीची पुरी अख्खी तोंडात जाईना, तेव्हा मित्र हसले. उपचारांनी त्याचा त्रास कमी झाला, पण गाल पूर्वीसारखा झाला नाही. या रोगातील काहींना पुढे कर्करोग होतो, म्हणून त्याला दर काही महिन्यांनी तपासणीला जावे लागते. हुशार मुलगा, वय बावीस.

याची परीक्षा घरी करता येते. आपलीच मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांच्या मधे जातात का पाहावे. जात नसतील, तिखट विनाकारण झोंबत असेल, गालाचा आतला भाग पांढुरका व ताठ लागत असेल, किंवा तोंडातले एखादे व्रण वा पांढरा-लाल चट्टा पंधरा दिवसांत बरा झाला नसेल, तर थांबू नये. पुडी त्याच दिवशी टाकावी.

कायद्याने आपले काम कागदावर केले आहे. २००३ च्या केंद्रीय कायद्याने शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला मनाई केली. यार्ड मोजणारा कुणी आढळत नाही. महाराष्ट्राने २०१२ मध्ये आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. त्यावर तोडगा म्हणून पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी अशी जोडी निघाली. गिऱ्हाइकाने ती तळहातावर एकत्र करायची. सीमेच्या दोन्ही बाजूंना या एका बाबतीत पूर्ण एकमत आहे.

विद्यार्थिनींना हे प्रकरण लागू नाही असे समजू नये. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिसरी आपल्याकडे अनेक घरांत दंतमंजन म्हणूनच नांदते. दाढ ठणकली म्हणून आजी बोटभर लावायला देते, ठणका बधिर होतो, आणि महिन्याभरात मिसरीवाचून सकाळ उजाडत नाही. ती मंजन नव्हे, तंबाखूच आहे.

मग दात घासावेत कशाने? राखुंडी, विटकरीची पूड, खरबरीत मंजन (कन्नडमध्ये हल्लुपुडी) यांनी दात चकचकीत होतात, कारण वरचा थर घासला जातो. हिरडीजवळ खाच पडते आणि मग गार पाणी झिणझिणते. ज्या कोळशाला शहरातले लोक खेडवळ म्हणून हसत होते, तोच आता नळीत भरून चढ्या भावाने विकला जातो, याची मला मौज वाटते. मऊ ब्रश, फ्लोराइडयुक्त पेस्ट, दोन मिनिटे, हिरडीच्या काठावर लहान लहान गोल फिरवून, आणि रात्री झोपताना तर नक्कीच. फेस थुंकून टाकावा, पण पेलाभर पाण्याने खळखळून धुऊ नये. उरलेले फ्लोराइड दातावर राहू द्यावे.

फ्लोराइडची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गदग, बागलकोट, विजयपूरकडच्या काही गावांतून आलेल्या मुलामुलींच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतात. वसतिगृहात त्यांची ‘दात घासत नाही’ म्हणून थट्टा होते. एक विद्यार्थिनी तीन वर्षे तोंडावर रुमाल धरून बोलत असलेली मी पाहिली आहे. ते डाग अस्वच्छतेचे नाहीत. विहिरीच्या व कूपनलिकेच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा फ्लोराइड जास्त असले, की लहानपणी जबड्यात दात घडत असतानाच ते उमटतात. सात-आठ वर्षांच्या वयानंतर पुढच्या दातांवर नव्याने उमटत नाहीत आणि कितीही घासले तरी जात नाहीत. दंतवैद्य त्यांवर आवरण बसवू शकतात. थट्टा मात्र आजच बंद करता येईल.

परीक्षेच्या दिवसांतली दोन दुखणी राहिली. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांच्या हिरड्या एकाएकी सडू लागत. दोन दातांमधली हिरडी करडी पडून झडते, वेदना असह्य, तोंडाला उग्र दुर्गंधी. झोप नाही, जेवणाचा ठिकाणा नाही, मनावर ताण आणि सोबतीला सिगारेट, असा योग जुळला की हेच क्वचित विद्यार्थ्यांतही दिसते. घरगुती गुळण्यांवर न थांबता दंतवैद्याकडे जावे.

दुसरे नेहमीचे, म्हणजे अक्कलदाढ. सतरा ते पंचवीस या वयात ती येते. जबड्यात जागा नसली तर अर्धीच वर येते आणि उरलेल्या भागावर हिरडीचा पदर राहतो. त्याखाली अन्न अडकते, पू होतो, गाल सुजतो, जबडा उघडत नाही. आणि हे नेमके हॉल तिकीट हाती आल्यावर होते. मागच्या बाजूला वर्षभरात दोनदा जरी दुखून गेले असेल, तरी परीक्षेची वाट न पाहता दिवाळीच्या सुट्टीत दाखवून घ्यावे. बेळगावात दोन दंतमहाविद्यालये आहेत. तिथे शिकाऊ डॉक्टर अध्यापकांच्या देखरेखीखाली तपासतात आणि खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. सकाळी लवकर जाऊन नंबर लावावा. क्ष-किरण चित्र काढायचे ठरले, तर अर्धा दिवस मोडतो.